मुलांचं वजन आणि मुलांना वाटणारं वजन : आधी काय, मग काय

घरातल्या तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं आरशासमोर उभं राहून "मी जाड झालेय" म्हटलं, की आई लगेच म्हणते, "काहीतरीच! कुठे जाड आहेस?" आणि विषय तिथेच संपतो. दुसऱ्या घरात मुलगा काहीच बोललेला नसतो. बाबांनाच तो सुटलेला वाटतो आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच्या पोळीवरचं तूप बंद होऊन सकाळी नेहरू स्टेडियमच्या फेऱ्या सुरू होतात. पहिल्या घरात कुणी मोजलं नाही, दुसऱ्या घरात कुणी विचारलं नाही. इंदूरच्या शाळांमध्ये पालकांशी बोलताना या दोन चुका मला सतत दिसतात. पालक मायेनंच वागत असतात, पण क्रम चुकल्यामुळे मूल पुढे या विषयावर घरात बोलणंच सोडून देतं.

मुलाचं वजन किती आहे आणि मुलाला ते किती वाटतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दोन्हींची उत्तरं हवीत, आणि वाटणारं आधी, मोजलेलं नंतर. काट्यावरचा आकडा एकदा समोर आला की मूल मनातलं सांगत नाही, आकड्याला धरून उत्तर देतं. म्हणून खालचे टप्पे आहेत त्याच क्रमानं घ्या. वय साधारण अकरा ते अठरा धरलं आहे.

टप्पा १ : तयारी. आधी घरातलं बोलणं आवरा

मुलाशी बोलण्याआधी किमान आठवडाभर घरातल्या मोठ्यांच्या बोलण्याकडे लक्ष द्या. एका कागदावर लिहून काढलंत तर जास्त बरं, कारण ही वाक्यं इतकी सवयीची असतात की आपल्याच कानांना ती ऐकू येत नाहीत.

"किती वाळलीस गं, आई जेवायला घालत नाही का?" "खात्यापित्या घरचा दिसतो." "आता बास, लग्नात साडी कशी बसणार?" "ताई बघ कशी चवळीची शेंग, आणि तू!" गणपतीत दर्शनाला आलेले पाहुणे दारातच मुलांच्या अंगावरून सुरुवात करतात. कौतुकाचं वाक्यही यात धरा. "बारीक झालीस, छान दिसतेस" हे ऐकणारी मुलगी एवढंच शिकते की बारीक असेन तोवर छान.

आपण स्वतःबद्दल काय बोलतो तेही लिहा. आई रोज ड्रेस घालताना पोटावर हात ठेवून सुस्कारा टाकत असेल, तर मुलीला त्यातून जे कळतं ते पुढच्या कुठल्याही समजावणीनं पुसलं जात नाही.

आजी-आजोबांशी वेगळं बोला, मुलांच्या माघारी. सुनेनं सासूबाईंना सांगायचं तर एवढंच पुरतं : "आई, तिच्या अंगावरून काही दिवस कुणीच काही बोलायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. तुम्ही साथ दिलीत तर बाकीचे ऐकतील." बहुतेक आज्या ऐकतात. त्यांना चूक दाखवण्यापेक्षा कामात सामील करून घेतलं की काम होतं.

पाहुण्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा आणि ते मुलासमोर, मुलाच्या बाजूनं बोला : "काकू, आमच्याकडे वजनावर बोलणं बंद आहे. तिचं चित्र बघितलंत का?" मुलाला त्या क्षणी जो आधार मिळतो, त्यावरच पुढचे सगळे टप्पे उभे राहतात.

*सावध :* चिडवणं बंद करण्याचा नियम भावंडांनाही लावा. मोठ्या भावाचं "ए मोटी" हे प्रेमानं असलं तरी बंद.

टप्पा २ : विचारा, आणि उत्तर दुरुस्त करू नका

वेळ अशी निवडा की समोरासमोर नजर द्यावी लागणार नाही. स्कूटरवर कोचिंगला सोडताना, भाजी निवडताना, रात्री गच्चीवर. जेवणाच्या ताटावर नको, कपडे घेताना ट्रायल रूमच्या बाहेर तर अजिबात नको.

प्रश्न साधा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सहकार्यानं युरोपात शाळकरी मुलांची जी मोठी पाहणी होते, तिच्यातही हाच प्रश्न असतो. "तुला तुझं शरीर कसं वाटतं?" आणि पाच पर्याय : फारच बारीक, थोडं बारीक, बरोबर, थोडं जाड, फारच जाड. पाच पर्याय दिले की मुलाला नेमकं बोलता येतं. नुसतं "तुला काय वाटतं?" विचारलंत तर "काही नाही" हेच उत्तर येईल.

आपली मुलं घरी मराठी बोलतात, पण शाळेत चिडवणं हिंदीत चालतं आणि मोबाइलवरचं सगळं इंग्रजीत. मूल "मोटी", "हड्डी" किंवा "फॅट" असं काहीही म्हणेल. आलं तसं घ्या.

मग तीन पूरक प्रश्न, एकाच दिवशी सगळे नकोत :

- असं कधीपासून वाटतंय?
- कुणी काही म्हटलं होतं का?
- दिवसातून किती वेळा हे मनात येतं? त्यामुळे काही करायचं टाळतेस का? (पोहणं, स्नेहसंमेलनातला नाच, फोटो, मित्रांबरोबर छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत जाणं.)

सगळ्यांत महत्त्वाचा हा तिसरा प्रश्न. थोडं जाड वाटणं आणि त्यापायी वर्गातला नाच सोडणं यांत मोठं अंतर आहे, आणि ते वजनकाट्यावर दिसत नाही.

उत्तर ऐकल्यावर "छे, तू तर छान आहेस" म्हणण्याची घाई आवरा. तेवढ्यानं मुलाचं वाटणं बदलत नाही. आईला सांगून उपयोग नाही, एवढंच त्याला कळतं. त्याऐवजी : "असं वाटत असेल तर त्रास होत असणार. सांगितलंस ते बरं केलंस." इतकंच. त्या दिवशी उपाय सुचवू नका.

मुलग्यांना विचारायचं राहून जातं. हा मुलींचा विषय आहे असं आपण धरून चालतो. मुलग्यांना बऱ्याचदा उलटं वाटत असतं : आपण हडकुळे, खांदे नाहीत, दंड नाहीत. ते बोलून दाखवत नाहीत, उन्हाळ्यातही दोन टीशर्ट एकावर एक घालतात. कुणी अंगानं भरलेला असेल तर पाठीला बाक काढून चालतो. असं काही दिसलं तर आधी बाबांनी किंवा मामानं विचारावं, ते सोपं जातं.

*पुढे जाण्याआधी तपासा :* पाचांपैकी कोणता पर्याय, कधीपासून, आणि काय टाळलं जातं, हे तुम्हाला सांगता येतं का? नसेल तर मोजायला जाऊ नका. अजून ऐका.

*थांबा :* मूल गुपचूप जेवण टाळतंय, जेवल्याबरोबर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडतंय, चक्कर येऊन पडलंय, किंवा मुलीची पाळी तीन महिने आलेली नाही, यांपैकी काही कळलं तर घरी वजन करूच नका. थेट टप्पा ७ वाचा.

टप्पा ३ : एकदा, नीट, आणि परवानगीनं मोजा

"तुझी उंची-वजन घेऊया का? तुला हवं असेल तर आकडा तू बघ, नको असेल तर मीच लिहून ठेवते." नाही म्हटलं तर आठवड्यानं पुन्हा विचारा. जबरदस्तीनं घेतलेला आकडा मुलाला शिक्षेसारखा लागतो.

मोजताना बाकी कुणी खोलीत नको.

*उंची.* चपला-मोजे काढा, अंबाडा किंवा उंच पोनीटेल सोडा. भिंतीला खाली पट्टी नसलेली जागा बघा, कारण पट्टी असली की टाच भिंतीला लागत नाही. टाचा, कुल्ले, खांदे भिंतीला, नजर सरळ समोर, हनुवटी वर नको. डोक्यावर गुण्या किंवा जाड पुठ्ठ्याचं पुस्तक असं टेकवा की एक बाजू भिंतीला चिकटेल. पेन्सिलीनं खूण करून मुलाला बाजूला करा, मग टेपनं जमिनीपासून मोजा. दोनदा मोजा. दोन मापांत अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त फरक आला तर तिसऱ्यांदा.

उंचीतली चूक वजनातल्या चुकीपेक्षा महाग पडते, कारण पुढच्या हिशेबात उंचीचा वर्ग येतो. ४५ किलो आणि १५० सेंटिमीटर धरलं तर बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन सांगणारा आकडा, २० येतो. तीच उंची चुकून १४७ लिहिली तर २०.८. म्हणून शाळेच्या ओळखपत्रावरची किंवा गेल्या वर्षीच्या प्रगतिपुस्तकातली उंची घेऊ नका. या वयात ती कधीच शिळी झालेली असते.

*वजन.* डिजिटल काटा, कडक फरशीवर. सतरंजीवर किंवा पायपुसण्यावर ठेवलेला काटा चुकतो. सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी, हलक्या कपड्यांत. खिशातला मोबाइल बाहेर. पाळीच्या आधीचे दिवस टाळा, त्या दिवसांत अंगात पाणी धरतं. दिवसभरात एक-दोन किलोंचा फरक पाण्यानं आणि पोटातल्या अन्नानं सहज पडतो, त्याला काही अर्थ नसतो.

*वय.* वर्षं आणि महिने दोन्ही लिहा. "तेरा पूर्ण" आणि "तेरा वर्षं दहा महिने" यांत या वयात बराच फरक आहे.

मग हिशेब : किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. १६० सेंटिमीटर उंच, ४५ किलो वजनाच्या मुलाचा बीएमआय : १.६ गुणिले १.६ म्हणजे २.५६. ४५ भागिले २.५६ म्हणजे सुमारे १७.६.

*सावध :* काटा मोजून झाल्यावर कपाटात ठेवा. बाथरूमबाहेर कायम पडलेल्या काट्यावर मूल दिवसातून चारदा चढतं, आणि प्रत्येक वेळच्या शंभर-दोनशे ग्रॅमनी त्याचा दिवस ठरतो.

टप्पा ४ : मोठ्यांची फूटपट्टी मुलांना लावू नका

पालक सगळ्यांत जास्त चुकतात ते इथे. मोबाइलवर बीएमआयचं कॅल्क्युलेटर उघडतात, १७.६ टाकतात आणि उत्तर येतं "कमी वजन". ते मोठ्या माणसांचं कोष्टक असतं. त्यात १८.५ च्या खाली कमी. भारतीय प्रौढांसाठी २३ च्या पुढे जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. मुलांना यातली एकही रेषा लागू नाही, कारण मुलांचा बीएमआय वयाबरोबर बदलतो आणि मुलगा-मुलगीत वेगळा असतो. वरचा मुलगा चौदा वर्षांचा असेल तर १७.६ ला तो सर्वसाधारण पट्ट्यात आहे. त्याला बारीक ठरवून दुधात पावडर घालायचं काही कारण नाही.

उलट चूकही होते, आणि ती जास्त नडते. अकरा वर्षांचा मुलगा, १४० सेंटिमीटर, ४३ किलो. बीएमआय जवळपास २२. मोठ्यांच्या कोष्टकात हा "नॉर्मल". अकरा वर्षांच्या मुलाच्या तक्त्यावर मात्र तो जास्त वजनाच्या रेषेच्या वर गेलेला आहे.

भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे २०१५ चे तक्ते वापरा. ते ५ ते १८ वर्षांसाठी आहेत, मुलांचा आणि मुलींचा वेगळा. बहुतेक बालरोगतज्ज्ञांकडे ते असतात, अकॅडमीनं ते इंटरनेटवरही दिलेले आहेत. बीएमआयच्या तक्त्यात खालून वर रेषा असतात. सगळ्यांत खाली ३ री (त्या वयाच्या शंभरातली तीन मुलं हिच्या खाली असतात), मध्ये ५० वी (निम्मी मुलं हिच्या खाली), आणि वर दोन खास रेषा : "२३ प्रौढ समतुल्य" आणि "२७ प्रौढ समतुल्य". याच चालीनं वाढत राहिलं तर मोठेपणी बीएमआय २३ किंवा २७ ला पोचेल, असं त्या सांगतात. पहिलीच्या वर म्हणजे जास्त वजन, दुसरीच्या वर म्हणजे लठ्ठपणा. ३ रीच्या खाली असेल तर डॉक्टरांना दाखवायचं.

मुलाचं वय आणि बीएमआय तक्त्यावर जिथे मिळतात तिथे बिंदू टाका. तो टाकताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा.

एक. ५० वी रेषा म्हणजे पास होण्याचा आकडा नव्हे. २५ व्या रेषेवर वर्षानुवर्षं चालणारी मुलगी निरोगी असू शकते. आई-वडील दोघंही सडपातळ असतील तर ते स्वाभाविकच आहे.

दोन. एकट्या बिंदूपेक्षा चाल महत्त्वाची. जुन्या फाइलीतली, शाळेच्या आरोग्य तपासणीतली मापं शोधा आणि तीही टाका. नेहमी ज्या पट्ट्यात मूल होतं तिथून ते वर्षभरात दोन रेषा वर किंवा खाली गेलं असेल, तर आजचा बिंदू मधोमध असला तरी विचारायला हवं. आधी वरच्या पट्ट्यात असलेली मुलगी चार महिन्यांत झपाट्यानं मध्यावर आली की घरचे खूश होतात, नातेवाईक कौतुक करतात. खाण्याचे गंभीर आजार इथेच नजरेतून सुटतात.

याच टप्प्यावर वयात येण्याचा हिशेब मुलांना समजावून सांगा, कारण त्यांचं निम्मं वाटणं त्याच्या अज्ञानातून येतं. मुलींमध्ये बदल साधारण ८ ते १३ या वयात सुरू होतात, मुलग्यांमध्ये ९ ते १४. मुलींची उंची ज्या वर्षी सर्वांत झपाट्यानं वाढते ते वर्ष मुलग्यांच्या सुमारे दोन वर्षं आधी येतं. म्हणून सातवी-आठवीच्या वर्गात कित्येक मुली मुलग्यांपेक्षा उंच आणि वजनदार असतात. त्या वर्गाच्या फोटोत स्वतःला "भोपळा" म्हणणारी मुलगी बहुधा फक्त वेळेवर वाढत असते. मुलींच्या कमरेभोवती, मांड्यांवर चरबी येणं हा वयात येण्याचाच भाग आहे, पाळी नियमित राहायला ती लागते. ऐन वाढीच्या वर्षात पाच-सहा किलो किंवा त्याहूनही जास्त वजन वाढू शकतं. काही मुलं आधी रुंद होतात आणि मग उंच.

मुलग्यांना सांगा की दंड-खांदे शेवटी भरतात, उंची वाढून झाल्यावर. तेराव्या वर्षी जिममध्ये जाऊन ते आधी आणता येत नाहीत.

टप्पा ५ : दोन उत्तरं शेजारी ठेवा

आता तुमच्याकडे दोन नोंदी आहेत. मुलाला काय वाटतं, आणि तक्ता काय म्हणतो. पुढे काय करायचं ते दोन्हींच्या मेळावरून ठरतं.

*तक्ता ठीक, मुलाला जाड वाटतं.* मुलींमध्ये हे फार आढळतं. इथे वजनावर काहीही करायचं नाही. तक्ता दाखवून "बघ, मी म्हणत होते ना" असा निकालही लावायचा नाही. मूळ शोधा : कुणाचं बोलणं, कोणते व्हिडिओ, नाचाचे किंवा जिम्नॅस्टिक्सचे कपडे, की लवकर वयात आल्यामुळे वर्गात वेगळं दिसणं. लवकर वयात आलेल्या मुलीला हे फार सोसावं लागतं, वर्गात तिच्यासारखं दुसरं कुणी नसतं. मोबाइल जप्त करू नका, शेजारी बसून पाहा. "हा फोटो काढायला किती वेळ लागला असेल? उजेड कुठून आहे?" अशा चौकशीनं जे साधतं ते बंदीनं साधत नाही. आणि डाएट सुरू होऊ देऊ नका. अमेरिकेत मिनेसोटात १९९८ च्या सुमारास सुरू झालेल्या 'प्रोजेक्ट ईट' या दीर्घ अभ्यासात, डाएट करणाऱ्या किशोरवयीनांचं वजन पाच वर्षांनी डाएट न करणाऱ्यांपेक्षा जास्त वाढलेलं आढळलं, आणि खाण्याच्या विकारांचा धोकाही जास्त.

*तक्ता ठीक, मुलाला बारीक वाटतं.* बहुधा मुलगे. इथला धोका डब्यात येतो. जिममधला कुणी दादा प्रोटीन पावडर देतो, पुढे "थोडं स्ट्राँग" काहीतरी. घरी डाळ, उसळ, दूध, दही, पनीर, खात असाल तर अंडी, एवढ्यात या वयाची गरज भागते. पावडर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि इंजेक्शन किंवा बिनलेबलाच्या गोळ्या कळल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

*तक्ता वर, मुलाला बरोबर वाटतं.* मुलाला धक्का देऊन जागं करावंसं वाटतं. देऊ नका. स्वतःबद्दल बरं वाटणारं मूल खेळायला जातं, पोहायला जातं. हे भांडवल आहे, ते मोडू नका. बदल टप्पा ६ प्रमाणे घराचा करा. आणि इथे पालकांनी स्वतःच्या नजरेकडेही पाहावं. मुलाचं जास्त वजन आई-वडिलांना कमीच दिसतं, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हापुन्हा आढळलं आहे. लाडक्या नातवाचा तक्ता वर गेलेला असतो आणि घर म्हणत असतं, "हाडं मोठी आहेत त्याची."

*तक्ता वर, मुलालाही जाड वाटतं.* त्याला माहीत आहे. पुन्हा सांगायची गरज नाही. "यात तू एकटा नाहीस, आपण सगळे मिळून घरात काही बदलतोय," एवढं बोला आणि कामाला लागा.

*तक्ता खाली, किंवा वेगानं खाली येतोय, आणि मुलाला जाड वाटतं.* इथे घरगुती उपाय नाहीत. समजावणं, रागावणं, भरवणं, काही नाही. टप्पा ७, याच आठवड्यात.

टप्पा ६ : बदल घराचा, मुलाचा नाही

एकाच्याच ताटात वेगळं अन्न वाढलं की बदल शिक्षा होतो. म्हणून जे बदलायचं ते सगळ्यांसाठी.

इंदूरमध्ये खाण्यावर बंदी घालून कुणी जिंकलेलं नाही. रविवारचे पोहे-जिलेबी राहू द्या. सराफ्यात रात्री भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू खायला नेणं हा या शहरातल्या मुलांचा हक्क आहे, तो काढून घेतला की ते गुपचूप खातील आणि वर अपराधी वाटून घेतील. रोजचं बघा. जेवणाच्या टेबलावर कायम असलेला शेवेचा डबा आत ठेवा, हवी तेव्हा वाटीत काढून घ्यायची. वरणावर, पोह्यांवर, उसळीवर शेव, असं दिवसातून तीन-चारदा होतं ते एकदावर येतं आणि कुणाला जाणवतही नाही. घरात सरबताच्या बाटल्या आणि कोल्ड्रिंक साठवू नका.

सकाळचा नाश्ता सुटू देऊ नका. शाळा, मग थेट भंवरकुआंचं कोचिंग, मधे उपाशी आणि बाहेर पडल्यावर कचोरी, हे चक्र मोडायला बॅगेत एक जास्तीचा डबा पुरतो : पोळीचा रोल, भिजवलेले दाणे, केळं. दुपारभर उपाशी राहिलेलं मूल रात्री जास्त खातं आणि मग स्वतःला नावं ठेवतं.

दिवसातलं एक जेवण सगळ्यांनी एकत्र, टीव्ही आणि मोबाइल बंद. ताटावर गुण, वजन, अन्नाची पापं-पुण्यं काढायची नाहीत. "ताट स्वच्छ कर"ही नको, पोट भरल्याचं मुलाला कळू द्या.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयासाठी दिवसाला सरासरी ६० मिनिटं चांगली हालचाल सांगते. ती वजनासाठी आहे असं मुलाला सांगू नका. मित्र जिथे जातात तिथे जाऊ द्या. झोप १३ ते १८ वयात ८ ते १० तास हवी. पहाटेच्या शाळेमुळे आणि रात्रीच्या अभ्यासामुळे ती सहाच्या आसपास येते, आणि कमी झोपेनं भूक वाढते.

*सावध :* "पाच किलो कमी कर, फोन घेऊन देतो" असलं बक्षीस कधीही लावू नका. मूल वजन कमी करेल, पण कसं ते तुम्हाला कळणार नाही. मुलाच्या मोबाइलवर कॅलरी मोजणारं ॲपही नको.

टप्पा ७ : डॉक्टरकडे कधी, आणि जाऊन काय म्हणायचं

लगेच जायचं, जर :

- वजन वेगानं उतरतंय, किंवा पाळी तीन महिने आली नाही.
- चक्कर येते, हातपाय गार राहतात, केस गळतात, अंगावर बारीक लव येते, किंवा शांत बसलेलं असताना नाडी मिनिटाला ५० च्या खाली भरते.
- उलट्या काढणं, जुलाबाच्या गोळ्या, चोरून तासन्‌तास व्यायाम.
- "मी नसलेलीच बरी" अशी भाषा, किंवा स्वतःला इजा.

मराठी घरांत एक खूण वेगळीच असते : उपास. संकष्टी, सोमवार, गुरुवार, एकादशी, एकेक करत मुलगी सगळे धरू लागते. घरचे श्रद्धाळू म्हणून कौतुक करतात. तिच्या ताटात फराळ आहे का ते बघा. साबूदाण्याची खिचडी, वरी, दाण्याची आमटी यांतलं काहीच न खाणारी, आणि उपास सुटायच्या दिवशीही "भूक नाही" म्हणणारी मुलगी उपासाच्या नावाखाली उपाशी राहत असू शकते.

तक्ता वर असेल तर मानेमागची आणि काखेतली कातडी पाहा. काळपट, मखमलीसारखी जाडसर झाली असेल तर तो मळ नव्हे. कित्येक आया बेसन-लिंबू लावून ती घासत असतात आणि मुलीला वर बोलणी बसतात. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नसल्याचं ते लक्षण असू शकतं. घासणं थांबवा, दाखवा. पाळी फार अनियमित असेल तर तेही सांगा.

सुरुवात नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून. सरकारी सोय हवी तर एमवाय हॉस्पिटल आणि त्याच्याच आवारातलं चाचा नेहरू बाल चिकित्सालय आहे. मनाचा भाग मोठा वाटत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ, आणि बोलायला कुणी हवं असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो. मूल स्वतःही तिथे फोन करू शकतं, त्याला हे सांगून ठेवा.

डॉक्टरांशी आधी फोनवर किंवा एकट्यानं बोला : "डॉक्टर, वजनाच्या बाबतीत ती फार हळवी आहे. आकडा तिच्यासमोर मोठ्यानं सांगू नका, काट्याकडे पाठ करून उभी केलीत तरी चालेल. मी मापं लिहून आणली आहेत." टप्पा २ च्या नोंदीही द्या. आणि थोडा वेळ मुलाला डॉक्टरांशी एकटं बोलू द्या. मुलीची तपासणी असेल तर बाई डॉक्टर किंवा नर्स हजर असाव्यात हे मागायला संकोच करू नका.

टप्पा ८ : पुन्हा तपासा, पण वेगवेगळं

माप पुन्हा तीन ते सहा महिन्यांनी, त्याच काट्यावर, सकाळच्या त्याच वेळी. मधे नाही. वाढत्या वयातल्या, तक्त्यावर थोड्या वर असलेल्या मुलाचं वजन कमी व्हायलाच हवं असं नसतं. वजन तिथेच राहिलं आणि उंची चार सेंटिमीटर वाढली, तर बिंदू आपोआप खाली सरकतो. पालक इथे निराश होतात, "एक किलोही उतरलं नाही" म्हणतात. आधी तक्ता उघडा.

वाटण्याचा प्रश्न मात्र मापाच्या दिवशी विचारू नका. दोन-तीन आठवडे आधी किंवा नंतर, तसाच गच्चीवर किंवा स्कूटरवर, तेच पाच पर्याय. पर्याय तोच राहिला तरी टाळलेल्या गोष्टींची यादी पुन्हा काढा. ती लहान झाली असेल, मुलगी स्नेहसंमेलनाच्या नाचात परत गेली असेल, मुलगा एका टीशर्टवर बाहेर पडत असेल, तर हाच क्रम पुढे चालू ठेवा. यादी लांबली असेल तर तक्ता कितीही चांगला दिसत असला तरी डॉक्टरांची वेळ घ्या.